बोटीच्या रंगाची मशीन

ती घरी आली तेव्हा केशरी होती. साधी केशरी नाही, डोळ्यांत घुसेल अशी. नवऱ्याने तिला गोणपाटातून काढलं आणि सरळ माझ्या कटिंगच्या टेबलावर ठेवलं, तेही कुणाच्या तरी लग्नासाठी आलेल्या पैठणीच्या ब्लाउजपीसवर. "बघ," म्हणाला. मी आधी ब्लाउजपीस ओढून घेतला, त्याला डाग लागला नाही ना ते खिडकीच्या उजेडात धरून पाहिलं, आणि मग बघितलं.

झाडं कापायची मशीन होती. चेनसॉ. पुढे हातभर लांब लोखंडी पट्टी, पट्टीभोवती दातांची साखळी, मागे पेट्रोलवर चालणारं छोटं इंजिन आणि बाजूला एक दोरी. दोरी झटक्यात ओढली की इंजिन सुरू होतं, साखळी फिरते आणि फांदीचे दोन तुकडे होतात. मुलुंडला दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या घरात झाडं म्हणाल तर खिडकीतली एक तुळस आणि एक कढीपत्ता. कढीपत्त्याला मी कात्री लावते.

"हे काय उचलून आणलंस?" मी विचारलं. चारचौघांत मी त्याला अहोजाहो करते, घरात अरेतुरे, आणि भांडणात तोंडात येईल ते.

"वर्सोव्याहून आणली. कोळीवाड्यातून. सेकंडहँड आहे, पण इंजिन झकास. एका झटक्यात चालू झाली."

"मग आता कर चालू."

तो डोकं खाजवायला लागला. मशीनची दोरी दमलेल्या कुत्र्याच्या जिभेसारखी बाहेर लोंबत होती. "आता नाही होणार," तो म्हणाला. "तेव्हा ओढली ती शेवटची. दोरी आत खेचणारी स्प्रिंग तुटली. एवढंच."

माझ्या नवऱ्याचं 'एवढंच' मला चांगलं ठाऊक आहे. 'एवढंच' म्हणून त्याने एकदा मिक्सर उघडला होता आणि महिनाभर आम्ही चटणी पाट्यावर वाटली. एरवी मी त्याला त्या मशीनसकट जिना उतरायला लावला असता. पण त्या दिवशी मी गप्प बसले.

त्याचं कारण असं. नवरा फिटर. आमचं लग्न व्हायच्या आधीपासून मुलुंडच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यात कामाला होता. मालकाने गाळा बंद करून जागा गोदामाला दिली आणि हा घरी बसला. सुरुवातीचे दिवस मजेत गेले. त्याने घरातले सगळे नळ दुरुस्त केले. मग शेजाऱ्यांचे केले. मग बिल्डिंगमधले गळके नळ संपले. मग तो माझ्या शेजारी बसून ब्लाउजना हुक लावायला लागला. आणि लावायचा कसे! एका रेषेत, पट्टी धरून आखल्यासारखे. गिऱ्हाइकं म्हणायची, वहिनी, हल्ली तुमचे हुक काय सुंदर बसतात हो. मी म्हणायची, हो ना. तो खाली मान घालून सुईत दोरा ओवत असायचा.

मला ते सुंदर हुक बघवत नव्हते. पूर्वी हा माणूस जिन्यात असला तरी त्याचा आवाज घरात यायचा. आता घरात असून यायचा नाही.

अशात आमच्या शेजारच्या सोसायटीत पावसाळ्याआधीची फांद्यांची छाटणी सुरू झाली. पालिकेची परवानगी काढून असली कामं घेणारा एक कंत्राटदार आहे, त्याची माणसं आली होती. त्यांची मशीन बंद पडली. आमचा नवरा खिडकीतून तासभर नुसता बघत होता. शेवटी त्याला राहवलं नाही, खाली गेला आणि त्याने ती तिथल्या तिथे चालू करून दिली. कंत्राटदार खूश. म्हणाला, माझ्या मशीनी बघा आणि खाली पडलेल्या फांद्या कापा, पावसाळा संपला तरी काम देईन. पण मशीन स्वतःची हवी. सोमवारी सकाळी घेऊन या, माझ्यासमोर चालू करून दाखवा, नाहीतर दुसरा माणूस तयार उभा आहे.

तर असा तो सोमवार आमच्या डोक्यावर येऊन बसला होता. तोवर त्या केशरी मशीनला स्प्रिंग मिळायला हवी होती, बाकी काही नाही.

घाटकोपरला असल्या मशीनींचे सुटे भाग विकणारं दुकान आहे. बोळासारखं लांब, आत टोकाला गुजराती दुकानदार. मीही गेले बरोबर, कारण नवरा दुकानात गेला की समोरचा म्हणेल ते खरं मानून येतो.

"मॉडेल बोला," दुकानदार म्हणाला.

"चेनसॉ," मी म्हटलं.

"ते तर कळलं ना बेन. मॉडेल बोला. तुमचं नाव विचारलं तर तुम्ही 'बाई' असं सांगाल काय?"

मला हसू आलं, पण मी ते दाखवलं नाही. नवऱ्याने मशीनचं वर्णन सुरू केलं. एवढी लांब, एवढी जड, हँडल असं वळलेलं. दुकानदार नुसता मान हलवत होता. मग नवरा म्हणाला, "रंगाने केशरी आहे," आणि दुकानदाराचा चेहरा उजळला. केशरी मशीनी काढणारी एक मोठी कंपनी आहे म्हणे, आणि त्या आकारात तिचं एकच मॉडेल जास्त खपतं. त्याने खोक्यातून स्प्रिंग आणि तिचं गोल घर असा जोड काढून दिला. "खातरी नाही हां. नाही बसला तर परत आणा."

नाही बसला. एक भोक जुळलं की दुसरं हुकायचं. नवरा तो जोड उलटा करून, सुलटा करून, तिरका करून बघत बसला. मी म्हटलं, अरे, माझ्या शिलाई मशीनची बॉबिन शेजारणीच्या मशीनमध्ये बसत नाही, दोन्ही दिसायला सारख्या असून. नंबर बघून आणायची असते ती. तो म्हणाला, नंबर असता तर बघितला नसता का?

आणि खरंच नव्हता. आम्ही मशीन वरून बघितली, खालून बघितली, आडवी पाडून बॅटरीच्या उजेडात बघितली. सगळीकडे नुसतं केशरी. फक्त पुढच्या पट्टीवर काळपट आकडे कोरलेले होते. नवऱ्याने ते रॉकेलने पुसून काढले, कागदावर उतरवले आणि धावत घाटकोपर गाठलं. दुकानदाराने कागद वाचला आणि तो परत दिला. हा मशीनचा नंबर नाही, हा पट्टीचा. पट्टी काय, कुठल्याही मशीनला कुठलीही लावतात, म्हणाला. चप्पल बघून माणसाचं नाव कसं सांगू?

मग नवऱ्याने मशीनचा फोटो त्याच्या जुन्या फिटर मित्रांच्या ग्रुपवर टाकला. अर्ध्या तासात उत्तरांचा पाऊस. एकाने जर्मन सांगितली, एकाने चिनी, एकाने शपथेवर जपानी. दोघे त्यावरून आपसात भांडले आणि एक जण रुसून ग्रुप सोडून गेला. एकाने गुलाबाची फुलं आणि सुप्रभात पाठवलं. मी फोनलाच विचारून बघितलं, फोटो काढून शोधायला लावला. तर फोनसुद्धा त्या रंगाला भुलला. केशरी मशीन, केशरी मशीन, केशरी मशीन, आणि शेवटी एक केशरी सोफा.

शनिवारी दुपारी जेवण झाल्यावर नवऱ्याने मशीन पलंगाखाली ढकलली. "जाऊ दे," म्हणाला. हात धुऊन आला, माझ्या शेजारी बसला आणि त्याने हुकांची डबी पुढ्यात ओढली.

झालं, माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "ऊठ! ती बाहेर काढ. गोणपाटात घाल. आपण वर्सोव्याला चाललोय."

"कशाला?"

"परत करायला. दारात नेऊन आपटते बघ. नावाचा पत्ता नाही, नंबराचा पत्ता नाही आणि विकते म्हणे!"

"अगं, त्या मावशी चांगल्या आहेत. मला चहा पाजला."

"चहा पाजूनच गळ्यात मारली ना!"

मेट्रोने जायचा प्रश्न नव्हता. मशीन घेऊन येताना त्याने तो प्रयोग करून बघितला होता. तपासणीच्या यंत्रात गोणपाट शिरलं, पडद्यावर दात दिसले आणि तिथल्या शिपायाने त्याला हात जोडून बाहेरचा रस्ता दाखवला. म्हणून रिक्षा केली. रिक्षावाल्याने आरशातून विचारलं, "बोरी में क्या है?" मी म्हटलं, "झगडा." पुढे वर्सोवा येईपर्यंत तो एक अक्षर बोलला नाही.

मावशींचं घर खाडीच्या बाजूला, बोळाच्या तोंडाशी. बाहेर बांबूंच्या वलांडीवर बोंबील वाळत घातलेले, आणि ओट्यावर मावशी बसून सुक्या बोंबलांच्या जुड्या बांधत होत्या. साठीच्या पुढच्या, अंगाने भरलेल्या, आणि नाकात नथ नसूनही असल्यासारखा चेहरा. मी रिक्षातून उतरले तीच पदर खोचून. नवऱ्याने माझ्यामागे उभं राहून "नमस्कार मावशी" केलं ते मला आवडलं नाही.

"ही तुमची मशीन," मी म्हटलं. "घ्या परत."

मावशींनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "काय गो बाय, कोनाशी भांडाला आयलीस?"

"तुमच्याशी!"

"ये मंग, बस. उभ्यानं काय भांडतंस? पयलं पानी पी."

आता काय बोलणार? मुलुंडमध्ये माझ्या तोंडाला पाण्याचा टँकरवालाही वचकतो. पण इथे मी बसले, पाणी प्यायले, आणि पाणी पिऊन झाल्यावर भांडण सुरू करणं किती अवघड असतं ते मला कळलं. तरी केलं. म्हटलं, मशीनचं नाव नाही, नंबर नाही, सुटा भाग मिळत नाही, सोमवारी यांना कामावर जायचंय, तुम्ही आम्हाला फसवलंत.

"फसवलं?" मावशींचा आवाज चढला. वलांडीवरचा कावळा उडाला. "अगो, इंजिन चाललं का नाय चाललं? तुजे घोवाला इचार! म्हाताऱ्याला आता बोटीची लाकडं कापाला झेपत नाय, बोटं तोरून घेल म्हणून मी विकली. आणि नाव काय इचारतंस? मशीनचं काय बारसं केलंय आमी?"

"अहो, पण लोक मॉडेल विचारतात!"

"इथं कोन नाय इचारत. केशरी म्हंजे आमची. हिरवी म्हंजे बाजूचे घरातली. झालं!"

आतून टीव्हीवरच्या मॅचचा आवाज येत होता. त्यातूनच म्हातारबाबा ओरडले, "कोन आयलाय?" मावशी ओरडल्या, "मशीनवाले!" आतून आलं, "चालू झाली का?" आणि लगेच, "आउट! आउट!"

माझं पुढचं वाक्य तयार होतं, चांगलं झणझणीत होतं. पण ते तोंडातच राहिलं, कारण मावशींच्या 'हिरवी म्हंजे बाजूचे घरातली' या बोलण्याबरोबर माझी मान आपोआप बाजूला वळली होती. बाजूच्या घराचा दरवाजा हिरवा होता. दारातलं बाकडं हिरवं. पाण्याचं पिंप हिरवं. सायकलचा दांडासुद्धा हिरवा, आणि कोंबड्यांच्या खुराड्याला हिरव्या पट्ट्या. पलीकडच्या घराचं सगळं गुलाबी. मी वळून मावशींच्या घराकडे बघितलं. दार केशरी. खिडकीच्या सळ्या केशरी. मासे ठेवायची बर्फाची पेटी, स्टूल, नळाचा पाइप, वजनकाटा, सगळं केशरी. मी बसले होते तो ओट्याचा काठ केशरी. मांजराच्या दुधाची वाटी केशरी.

"मावशी," मी म्हटलं, "ही मशीन तुम्ही रंगवलीत?"

"मंग?" मावशींना माझी कीव आली. "नारली पुनवेच्या आदी बोटीला रंग लावतान. डब्यान उरतो तो काय फेकाचा? आणि उघरं लोखंड हिते ठेवलंस तर खारा वारा दोन महिन्यान खाऊन टाकल. बोटीला लागला म्हंजे घराला लागला, घराला लागला म्हंजे मशीनला लागला. दर वर्साला. पोरगा दोन-तीन वर्सानं रंग बदलतो, मंग आमी सगलाच बदलतो."

मी नवऱ्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. मग मला जे हसू सुटलं ते आवरेना. दुकानदार केशरीला भुलला, फिटर भुलले, फोन भुलला, आणि केशरी होती यांची बोट! मावशींना आधी काही कळेना, पण मी हसतेय म्हटल्यावर त्याही हसायला लागल्या. भांडण तिथे संपलं. माझ्या हातावर तळलेला बोंबील आला.

नवऱ्याने गोणपाट सोडलं. मावशींनी थिनरचा डबा, चिंध्या आणि बोट खरवडायचं पातं आणून दिलं. हा पातं घेऊन तुटून पडणार, तेवढ्यात मी त्याचा हात धरला. "थांब रे! रंगाबरोबर खालची अक्षरं पण जातील. दे इकडे."

उसवणं हे माझं काम आहे. लोकांना वाटतं शिवणं कठीण. शिवायला काय, मशीन शिवते. कठीण असतं उसवणं, कापडाला न दुखवता. माझ्या पर्समध्ये शिवण उसवायचं छोटं हत्यार कायम असतं, अगदी लग्नाला जातानासुद्धा. मी चिंधी थिनरमध्ये बुडवून दोरीच्या बाजूच्या झाकणावर ठेवली, जरा वेळ थांबले, मग टोकाने कडेकडेने उचललं. केशरी रंग सायीसारखा सुटून आला. खाली निळा.

"अगो बय, निला!" मावशी पुढे सरकल्या. "सुनेचे पसंतीचा. लगीन झालं त्या वर्साचा."

निळ्याखाली हिरवा निघाला. मावशींनी तोंडावर हात ठेवला आणि आत वळून ओरडल्या, "ओ, हिरवा निंगला, हिरवा! जाल्यान घोल गावली तवाचा!" घोळ मासा जाळ्यात सापडणं म्हणजे कोळ्याच्या घरी दिवाळी. आतून म्हातारबाबा म्हणाले, "मोटी होती घोल!" मॅचचा आवाज थोडा कमी झाला. हिरव्याखाली लाल. लाल रंग बोट नवी आणली तेव्हाचा. त्याच्याकडे मावशी जरा जास्त वेळ बघत राहिल्या. माझ्या पाठीवर त्यांनी हात ठेवला तो बराच वेळ तिथेच होता.

लालच्या खाली तांबूस अस्तर, आणि त्याच्याखाली एकदाचा मशीनचा खरा रंग. तो होता करडा. पावसाळी ढगासारखा साधा करडा. झाकणाच्या मधोमध चौकोनी डाग होता, तिथे कधीकाळी स्टिकर असणार. पण स्टिकरवरची अक्षरं रंगाबरोबर केव्हाच गेली होती. राहिला होता नुसता डिंक.

मी हात खाली ठेवला. संध्याकाळ व्हायला लागली होती. घाटकोपरचं दुकान रविवारी बंद. आज नंबर नाही मिळाला तर सोमवारी हा माणूस कंत्राटदारासमोर काय घेऊन उभा राहणार? इतकं उसवून हाती काय, तर डिंक.

नवऱ्याने मशीन मांडीवर घेतली आणि डोळे मिटले. मग तिच्या अंगावरून बोटं फिरवायला लागला, सावकाश, आजारी माणसाला चाचपतात तशी. झाकण, टाकी, हँडलची वरची बाजू. मग मागच्या हँडलच्या खाली, जिथे नजर जाणारच नाही अशा खोबणीत त्याचं बोट थांबलं. पुढे गेलं, परत आलं.

"इथं काहीतरी आहे!" तो ओरडला. "उठाव लागतोय बोटाला! पत्रा आहे इथं, ठोकलेला!"

बोळातली माणसं वळून बघायला लागली इतक्या मोठ्याने ओरडला. किती महिन्यांनी ऐकला मी तो आवाज! मला रडूच आलं, पण थिनर डोळ्यांत गेलं असं मी सांगितलं.

ते काम मात्र दोघांनी मिळून केलं. तो मशीन उताणी धरून बसला आणि मी खोबणीतलं एकेक अस्तर उचललं. केशरी, निळा, हिरवा, लाल. खाली बोटाच्या पेराएवढा पत्रा होता, त्यावर कंपनीचं बारीक नाव आणि खाली उठावाचे तीन आकडे, मागे एक अक्षर. कंपनी अगदी भलतीच निघाली. ना शपथेवरची जपानी, ना जर्मन. नवऱ्याने नंबर मोठ्याने वाचला, मग मावशींनी वाचला, आणि आत टीव्ही बंद झाला. म्हातारबाबा दारात येऊन उभे राहिले. त्यांनी आपल्या मशीनकडे बघितलं, पत्र्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हा नंबर होता व्हय तिला? मना कोन बोललाच नाय."

मी फोटो दुकानदाराला पाठवला. लगेच फोन आला. "आहे माझ्याकडे! हे जुनं मॉडेल, एकच पीस पडलाय. पण लवकर या बेन, मी शटर ओढतो." मग काय, एकच पळापळ. मशीन घेऊन नवरा रिक्षाने मुलुंडला, आणि मी मोकळ्या हाताने मेट्रोने घाटकोपरला. निघताना मावशींनी नवऱ्याच्या हातात केशरी रंगाचा उरलेला डबा दिला. "सोललेली मशीन कामाला न्यायाची नाय," म्हणाल्या. मला बोंबलांची जुडी दिली. मेट्रोच्या डब्यात माझ्या दोन्ही बाजूंच्या जागा आपोआप मोकळ्या झाल्या.

रविवारी सकाळी स्प्रिंग बसली. सगळी भोकं जुळली. तो आवाज मी कधी विसरणार नाही, स्क्रू शेवटच्या आट्याला घट्ट बसतो तो बारीक कुर्र. नवऱ्याने मशीन बिल्डिंगच्या मागच्या अंगणात नेली, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून टाकी भरली, पाय रोवले आणि दोरी ओढली. दोरी सुर्रकन परत आत गेली. आणखी एकदा. मग मशीन जी गरजली! वरच्या मजल्यावरून टाळ्या पडल्या. एक बाई खिडकीतून ओरडली, "वहिनी, माझ्या ब्लाउजची बाही कापायला लागलात की काय?"

दुपारी तो रंग लावायला बसला. खरवडलेल्या जागा उघड्या पडल्या होत्या, आणि मावशींचा शब्द त्याला मोडायचा नव्हता. ब्रश हँडलपाशी पोचला तेव्हा मी म्हटलं, "ए, थांब. परत पुरून टाकशील नंबर." चिकटपट्टी शोधली तर घरात नव्हती. मग मी कपाळावरची टिकली काढून पहिल्या आकड्यावर लावली, आणि बाकीच्यांसाठी आरशावर चिकटवलेल्या काढल्या. चार लाल टिकल्या ओळीत. त्याने वरून बिनधास्त ब्रश फिरवला. रंग वाळल्यावर मी नखाने एकेक टिकली उचलली. खाली आकडे लख्ख.

सोमवारी तो उजाडताच निघाला. मी दिवसभर शिवत होते, पण हात चालत नव्हते. एक बाही उलटी लावली आणि मग परत उसवली. फोन करावासा वाटला, केला नाही. फोन आलाही नाही.

संध्याकाळी जिन्यात आवाज आला. खालच्या मजल्यावरच्या कुणाला तरी तो पेट्रोलमध्ये ऑइल किती घालायचं ते समजावत होता, त्याने विचारलं नसताना. मी दार उघडून उभी राहिले. केसांत भुसा, भुवयांत भुसा, खांद्यावर केशरी मशीन.

"झालं?" मी विचारलं.

"पहिल्या झटक्यात! सगळे बघतच राहिले. उद्या सातला बोलावलंय." मग हसायला लागला. "कंत्राटदार म्हणतो, ही कुठली रे मशीन? असल्या रंगाची मी बघितली नाही. मला नंबर पाठ होता, कंपनी पाठ होती. पण तोंडातून आपलं निघून गेलं, आमची आहे म्हणून."

सुक्या बोंबलांच्या कालवणाबरोबर तो तीन वाढ्या भात जेवला आणि जेवताना एकदाही गप्प बसला नाही. हात धुऊन आला तो सवयीने माझ्या शेजारी येऊन टेकला, आणि बोलता बोलता त्याने हुकांची डबी पुढ्यात ओढली.

मी ती त्याच्या हातातून काढून घेतली.

"ठेव ते," मी म्हटलं. "झोप जा. तुला उद्या कामावर जायचंय."